पहिल्या संध्याकाळचा फोन

नेपल्सला पोहोचले त्याच संध्याकाळी सहा वाजता मी वहिनींना फोन केला. इंदूरला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. "कसं आहे गं गाव?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "घाण आहे हो वहिनी. आणि माणसंही उर्मट." एवढंच बोलणं झालं. मग लेकीने चहा आणला, विषय बदलला, मी फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी परत आले तेव्हा त्या शहरात माझा जीव गुंतला होता. पण रामबागेतल्या आमच्या माहेरच्या वाड्यात माझं ते वाक्य माझ्या आधी तीन आठवडे येऊन मुक्कामाला बसलेलं होतं. वहिनींनी ते शेजारी सांगितलं होतं, भिशीत सांगितलं होतं, भाचीला फोनवर सांगितलं होतं. मी दारात पाऊल ठेवलं तशी त्यांनी विचारलं, "आलीस का त्या घाण गावाहून? पोरगी कशी राहते गं तिथे?" मला काही सुचेना. स्वतःचं मत बदलायला मला तीन आठवडे पुरले. वहिनींना दिलेलं मत परत कसं मागून घ्यायचं ते मात्र कळत नव्हतं.

त्या पहिल्या दुपारी मी काय पाहिलं ते आधी सांगते. रोमहून वेगवान गाडीने तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. नेपल्सच्या मुख्य स्टेशनबाहेर गारिबाल्दी चौक आहे. जमिनीवर चादरी पसरून पर्स आणि बूट विकणारी मुलं, फुटपाथवरून जाणाऱ्या स्कूटर्स, कुणी कुणासाठी न थांबणारी वाहतूक. लेकीचं घर 'क्वार्तिएरी स्पान्योली' या भागात चौथ्या मजल्यावर. सोळाव्या शतकात स्पॅनिश व्हाइसरॉयने आपल्या सैनिकांना राहण्यासाठी वसवलेली ही वस्ती. आपल्या इंदुरात छावणी आहे ना, तसंच म्हणायचं. गल्ल्या सरळ पण इतक्या अरुंद की दोन्ही बाजूंच्या बायका खिडकीतून एकमेकींना वाटी देऊ शकतील. कोपऱ्यावर कचऱ्याच्या टाक्या भरून वाहत होत्या, खाली पिशव्यांचा ढीग होता, एक पिशवी मांजराने फाडलेली. माझ्या बॅगेची चाकं काळ्या फरशीवर खडखडत होती आणि माझी नजर त्या ढिगावरून हलत नव्हती.

नजर तिथेच का गेली, हे मला आता कळतं. आम्ही इंदूरकर २०१७ पासून देशातल्या सर्वांत स्वच्छ शहराचे रहिवासी आहोत. ओला कचरा, सुका कचरा, सकाळची गाडी, गाडीचं गाणं हे आमच्या अंगवळणी पडलंय. माझ्या मोटारीतसुद्धा छोटा डबा असतो, केळ्याची साल बाहेर टाकली तर नातू मला ओरडतो. याचा मला मनापासून अभिमान आहे आणि तो असावाच. पण अभिमान डोळ्यांना एक सवय लावतो. दुसऱ्याच्या घरी गेलं की आधी कोपरे बघायचे! गारिबाल्दी चौकात त्या दिवशी आणखी किती गोष्टी असतील, मला त्यातली एकही आठवत नाही. ढीग आठवतो.

आता उर्मटपणाचं. लेक तिच्या विद्यापीठात गेली होती. १२२४ साली स्थापन झालेलं ते विद्यापीठ, तिथे ती संशोधन करते. मला तिने सांगून ठेवलं होतं की बसची तिकिटं तंबाखूच्या दुकानात मिळतात, दारावर मोठं 'टी' अक्षर असतं. मी उतरले, दुकान शोधलं, शिकून ठेवलेले दोन शब्द म्हटले आणि दोन बोटं दाखवली. काउंटरमागच्या माणसाने हनुवटी झटक्यात वर उडवली आणि जिभेने 'च्यक' केलं.

आपल्याकडे कुणी हनुवटी वर उडवली तर त्याचा अर्थ 'काय? काय पाहिजे?' मला वाटलं, त्याला ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हटलं. त्याने पुन्हा हनुवटी उडवली, या वेळी सावकाश, डोळे अर्धे मिटून. मला ते अपमानास्पद वाटलं. तिसऱ्यांदा मी मोठ्याने म्हटलं. त्याने माझ्याकडे पाठ केली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सिगारेटचं पाकीट दिलं. चार मजले चढून वर येईतो माझे कान तापले होते. मग मी वहिनींना फोन लावला.

रात्री जेवताना हा प्रसंग सांगितला तेव्हा लेक म्हणाली, "आई, तो तुला 'नाही' म्हणत होता. तिकिटं संपली असतील." उत्तर इटलीत 'नाही' म्हणायला आपल्यासारखीच मान आडवी हलवतात. नेपल्सकडे आणि तिथून खाली दक्षिणेत मान मागे झटकून हनुवटी वर करतात. ग्रीसमध्येही आजवर तसंच करतात. आणि नेपल्स मुळात ग्रीकांनीच वसवलेलं, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी. निआपोलिस, म्हणजे नवं नगर. त्यानंतर रोमन आले, नॉर्मन आले, स्पॅनिश आले, बूर्बों घराणं आलं. भाषा बदलल्या, राजे बदलले, आणि 'नाही' म्हणायची मान मात्र तशीच राहिली. मी ताटावर बसून राहिले. त्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर त्याने परक्या देशातल्या बाईला तीनदा शांतपणे 'नाहीत' म्हणून सांगितलं होतं आणि ती बाई ऐकायलाच तयार नव्हती. आपल्या बायकोला त्यानेही त्या रात्री काही सांगितलंच असेल.

तेव्हाच वहिनींना पुन्हा फोन करायला हवा होता. पण एवढ्यासाठी काय फोन करायचा, असं वाटलं. एकदा दिलेलं मत आपण तत्परतेने दुरुस्त करत नाही, ते तसंच पडू देतो.

दुसऱ्या आठवड्यात मी एकटी हिंडायला लागले. ज्या काळ्या फरशीवर बॅग खडखडली होती ती व्हेसुव्हियसच्या लाव्ह्याच्या दगडाची आहे. हे कळलं त्या दिवशी मी वाकून तिला हात लावला. आपल्या वाड्याच्या पायरीचा दगड असाच आहे. माळव्याचं पठार म्हणजे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच, आपली काळी जमीन त्याच दगडाची माती. फरक इतकाच की आमचा लाव्हा कधीचा शांत झाला आणि त्यांचा ज्वालामुखी शेवटचा १९४४ च्या मार्चमध्ये, महायुद्ध चालू असताना उसळला होता. आणि भिंतींचा पिवळसर दगड तर शहराच्या पोटातूनच काढलेला. खाली खणायचं, तोच दगड वर आणून घर बांधायचं. खणलेल्या पोकळ्यांत पाणी साठवायचं. १८८४ च्या कॉलऱ्यानंतर ते पाणी बंद झालं. दुसऱ्या महायुद्धात बाँब पडायला लागले तेव्हा त्याच पोकळ्यांत लोक लपले. मी एका ठिकाणी खाली उतरले होते. भिंतीवर कुणी मुलाने खडूने विमान काढलं होतं. मी वर येऊन बराच वेळ पायरीवर बसले.

त्या दिवसांत मला सगळंच आपलं वाटायला लागलं. 'बास्सो' म्हणजे रस्त्याच्या पातळीवरची एका खोलीची घरं, दार सरळ गल्लीत उघडणारं. संध्याकाळी बायका खुर्च्या बाहेर काढतात, शेंगा निवडतात, जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलतात. हा तर आपला ओटला! माझ्या लहानपणी रामबागेत दिवेलागणीनंतर ओटल्यावर अशाच बायका बसायच्या. भिंतींवर कोनाडे, त्यात मेरीची मूर्ती, छोटा दिवा, गेलेल्या माणसांचे फोटो. कॉफीच्या दुकानात 'सोस्पेसो' अशी पद्धत, म्हणजे एक कॉफी प्यायची आणि दोनीचे पैसे द्यायचे. दुसरी, ज्याच्याकडे पैसे नसतील असा कुणी अनोळखी माणूस येऊन पिऊन जातो. तळलेल्या पिझ्झ्याची गोष्ट मला त्याहून आवडली. युद्धानंतरच्या तंगीच्या काळात बायका बास्सोच्या दारात कढई मांडून तो तळायच्या आणि गिऱ्हाइकाने आज खायचा, पैसे आठ दिवसांनी द्यायचे. त्याचं नावच तसं पडलं, 'आ ओज्जे आ ओत्तो'. उधारीवर नाव पडलेला पदार्थ मी दुसरा ऐकला नाही.

आणि समोरच्या तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी. तिला मी रोज सकाळी बघायचे, आमची खिडकी तिच्या वर पडायची. आठच्या सुमारास ती गॅलरीत यायची आणि हाक मारायची. खालच्या दुकानातला मुलगा बाहेर आला की ती दोराने टोपली सोडायची. त्या टोपलीला तिथे 'पनारो' म्हणतात. वेताची, पसरट, कडेला निळं फडकं शिवलेली. टोपलीला चार बाजूंनी चार दोऱ्या, त्या वर एका कडीत एकत्र, आणि कडीला मुख्य दोर. म्हणून ती खाली जाताना जराही कलत नसे. फडक्याखाली पैसे. मुलगा पैसे काढून घ्यायचा, पाव, दुधाची बाटली, कधी टोमॅटो ठेवायचा, सुटे पैसे परत फडक्याखाली. मग ती ओढायची, एका हातावर दुसरा हात. पहिल्या मजल्यावर कुणाचे कपडे वाळत असायचे. तिथे टोपली आली की ती थांबायची, दोराला थोडं बाहेर झोकायची, कपड्यांना धक्का न लागता टोपली वर निघून यायची. कठड्याच्या लोखंडावर दोर घासून एक चकचकीत खाच पडली होती. किती वर्षांची कोण जाणे.

आमच्या वहिनी गुडघ्यांमुळे आता जिना उतरत नाहीत. त्या दुसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला कापडी पिशवी सोडतात. पिशवीच्या एकाच बंदाला दोरी बांधलेली, त्यामुळे वर येताना ती कलते आणि लिंबं गडगडत खाली जातात. भाजीवाला ती गोळा करतो, पुन्हा पिशवी खाली. हे मी कितीदा पाहिलंय.

इतकं प्रेम बसल्यावर मी फोटो काढायला लागले. वाळत घातलेले कपडे, कोनाडे, ओटले. एका संध्याकाळी एका बास्सोच्या उघड्या अर्ध्या दारातून आतलं दृश्य फार सुंदर दिसलं. पलंग, पलंगावर क्रोशाची चादर, कोपऱ्यात शेगडी, देवाची तसबीर, टीव्हीचा निळा उजेड. मी फोन वर केला. आतून एक बाई आली, माझ्याच वयाची. ती काही बोलली नाही, रागावलीही नाही. तिने पडदा ओढला.

मी घरी येऊन लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, त्या खोलीला खिडकी नसते. तेच दार, तोच उजेड, तीच हवा. म्हणून ते उघडं असतं." मी ज्याला ओटला म्हणत होते ती त्या बाईची हवा होती. लेकीने आणखी सांगितलं की तिच्या गल्लीतल्या तीन बास्सोंत आता पर्यटकांना खोल्या दिल्या जातात. तिथे राहणारी माणसं शहराबाहेर गेली, कारण भाडी परवडेनात. माझ्यासारखेच लोक येतात, त्यांना ही गल्ली आवडते, आणि त्यांना आवडते म्हणून गल्लीतली माणसं उठतात. माझं पहिलं मत चुकलं होतं तेव्हा मला राग होता. या दुसऱ्या मताच्या वेळी प्रेम होतं, त्यामुळे ते चुकत असल्याची शंकाही आली नाही. आपल्या सराफ्यात रात्री खाऊगल्ली भरते, बाहेरगावचे पाहुणे व्हिडिओ काढतात, खुश होतात. माझी एक मैत्रीण लग्न होऊन सराफ्यातल्या दुकानावरच्या घरात गेली. भुट्ट्याचा कीस आणि गराडू तळल्याचा वास तिच्या उशीला येतो आणि रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही. पाहुण्यांना तिची खिडकी दिसतच नाही, तीही सजावटीचा भाग असते.

त्यानंतर मी कॅमेरा बंद ठेवला आणि कचऱ्याबद्दल विचारायला लागले. खरंच विचारायला, नावं ठेवायला नव्हे. २००८ च्या सुमारास तिथे रस्त्यांवर डोंगर साचले होते, लष्कर बोलवावं लागलं होतं. पण त्याहून वाईट शहराच्या उत्तरेला, शेतांमध्ये झालं. कामोर्रा म्हणजे तिथल्या गुन्हेगारी टोळ्या. त्यांनी उत्तर इटलीतल्या कारखान्यांचा विषारी कचरा पैसे घेऊन इथल्या सुपीक जमिनीत पुरला आणि उघड्यावर जाळला. त्या मुलखाला 'आगींची भूमी' म्हणतात. तिथे कर्करोगाने मुलं गेली. त्यांचे फोटो घेऊन आया रस्त्यावर उतरल्या. जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला की इटलीच्या सरकारने या लोकांच्या जिवाचं रक्षण केलं नाही. दुसऱ्यांची घाण ज्यांच्या अंगणात पुरली गेली त्यांच्या गावाला मी एका वाक्यात 'घाण' म्हणून मोकळी झाले होते. हे कळल्यावर मला झालेलं दुःख अजून गेलेलं नाही.

आणि आपणही कुठे नेहमीच पहिले होतो? २०१६ च्या यादीत इंदूर पंचविसावं होतं. देवगुराडियाचा कचऱ्याचा डोंगर मी पाहिलाय, वारा फिरला की वास कुठवर यायचा तेही आठवतं. तेव्हा कुणी पाहुणा येऊन गेला असेल आणि त्याने घरी जाऊन एक वाक्य टाकलं असेल, तर त्याच्या घरी इंदूर आजही तसंच असेल. पुण्या-मुंबईचे नातेवाईक आमच्याकडे आले की पहिल्या सकाळी पोह्यांवर शेव, जिरावण आणि शेजारी जिलबी पाहून भुवया उंचावतात, आणि "तुमची मराठी जरा हिंदीच आहे" म्हणतात. होळकरांच्या काळापासून, दोन-अडीचशे वर्षं, आम्ही माळव्यात राहून ही भाषा जपलीय. ते पाहुणे तीन दिवसांत ती ऐकून जातात आणि तेच मत तीस वर्षं बाळगतात. हे दुखणं माहीत असून मी नेपल्सशी तसंच वागले.

निघायच्या तीन दिवस आधी लेक मला पोत्सुओलीला घेऊन गेली. मोंतेसान्तो स्टेशनवरून 'कुमाना' नावाची छोटी रेल्वे जाते. पोत्सुओली ज्वालामुखीच्या विवरातच वसलंय. तिथली जमीन श्वास घेतल्यासारखी वर-खाली होते. गावाच्या मध्ये, रस्त्याच्या पातळीच्या खाली, रोमन काळाचे अवशेष आहेत आणि त्यात संगमरवराचे तीन उंच खांब उभे आहेत. १७५० मध्ये उत्खनन झालं तेव्हा तिथे सेरापिस या देवाची मूर्ती सापडली, म्हणून सगळ्यांनी ते 'सेरापिसचं मंदिर' ठरवलं. पुढे अभ्यासाअंती कळलं की ते मंदिर नव्हतं, बाजार होता. मांस-मासळी विकायचा बाजार. पण नाव पडलं ते पडलं. आजही लोक मंदिरच म्हणतात.

खांबांवर, माणसाच्या उंचीच्या बऱ्याच वर, एक काळपट खडबडीत पट्टा आहे. लेकीने मला दुर्बिणीतून दाखवला. बारीक बारीक भोकं. समुद्रातले शिंपले दगड कोरून त्यात राहतात, त्यांनी पाडलेली. म्हणजे हे खांब जमिनीवर उभे केले गेले, मग जमीन खचून समुद्रात गेली, शिंपल्यांनी त्यात घरं केली, आणि मग जमीन खांबांसकट पुन्हा वर आली. खांब मात्र पडले नाहीत. १९७० मध्ये जमीन अशी वर यायला लागली म्हणून समुद्राकाठची जुनी वस्ती, 'रिओने तेर्रा', लष्कराने रिकामी केली. १९८२ ते १९८४ मध्ये ती आणखी सुमारे १.८ मीटर वर आली. आम्ही कठड्याला टेकून उभ्या होतो. शेजारी एक आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. लेकीने त्यांना माझ्यासाठी विचारलं, "भीती नाही वाटत?" त्यांनी वर पाहिलं, हनुवटी उचलली, जिभेने 'च्यक' केलं आणि पुन्हा वाचायला लागले.

या वेळी मला अर्थ कळला. मी त्यांच्याकडे बघून हसले, तेही हसले.

तर आता रामबागेत. वहिनींना मी आधी सगळं एकदम सांगायचा प्रयत्न केला. ग्रीक, लाव्हा, न्यायालय. त्या शांतपणे ऐकत होत्या आणि मधूनच म्हणाल्या, "असेल बाई. पण तू तर घाण म्हणाली होतीस." मी म्हटलं, "चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "अगं, असं काय करून राहिलीस, मी काय भांडतेय का?" आणि उठून चहा टाकायला गेल्या. मी हरल्यासारखी बसून राहिले.

खालून भाजीवाल्याची आरोळी आली. वहिनींनी पिशवी सोडली. लिंबं गडगडली. तेव्हा मला समोरची म्हातारी आठवली आणि मी तिच्याबद्दल सांगितलं. फक्त तिच्याबद्दल. निळं फडकं, पहिल्या मजल्यावरचे कपडे, कठड्यावरची खाच. वहिनी दोर हातात धरून ऐकत होत्या.

"उलटी नाही होत टोपली?"

"नाही. चार बाजूंनी चार दोऱ्या, वर कडी."

"एकटी राहते?"

"एकटीच दिसली मला."

त्यांनी मला माळ्यावरून जुनी वेताची परडी काढायला लावली, गौरीच्या फुलांची. धूळ झटकली. सुतळीचे चार तुकडे मी कापले, गाठी त्यांनी मारल्या. कडी मिळेना, तेव्हा जुन्या पडद्याच्या दांडीची एक काढली. भाजीवाला खाली मान वर करून उभा होता, त्याला वहिनींनी "रुको भैया, दो मिनिट" म्हणून थांबवलं. मग पदराचं टोक कमरेला खोचलं, परडी कठड्यावर घेतली आणि सोडायच्या आधी माझ्याकडे वळून विचारलं, "आणि पैसे कुठे म्हणालीस ठेवते ती?"

"फडक्याखाली," मी म्हटलं.

त्या आत गेल्या फडकं शोधायला.